पीठ वर येईपर्यंत

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत मैद्याने माखलेले होते. विशाखापट्टणमच्या ज्या बेकरीत मी काम करते तिथे सकाळच्या घाण्याच्या वेळी फोन घ्यायचा नाही असा नियम आहे, आणि मी नियम मोडणाऱ्यातली नाही. नोकरी जाईल या धास्तीने मी पाणी प्यायलासुद्धा विचारून जाते. पण फोन फळीवर उताणा पडला होता. त्यावर ‘नीताताई रोहा’ हे नाव उजळलं, विझलं, पुन्हा उजळलं. नीताताई सकाळच्या कधी फोन करत नाहीत. मला कळलं. तरीही मी तो घाणा पुरा तळला. तेल तापलेलं, पीठ फुललेलं, ते टाकून जाता येत नाही हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे जोवर मी फोन घेत नव्हते तोवर कुमुदबाई होत्या.

“आत्या गेली, दर्शना. पहाटेच,” नीताताई म्हणाल्या. “दुपारच्या आत नेतील. तू निघू नकोस, पोचायची नाहीस.” इथून रोह्याला पोचायला दीड दिवस लागतो. मी “बरं” म्हटलं आणि आत जाऊन पिठीसाखर चाळायला घेतली. त्या दिवशी मी किती डोनट साखरेत घोळवले ते मला आठवत नाही. बेकरीच्या मालकीणबाईंनी तेलुगूत काहीतरी विचारलं, मला समजलं नाही, आणि समजलं असतं तरी कुमुदबाई माझ्या कोण हे मी कुठल्याच भाषेत सांगू शकले नसते. नात्याच्या नव्हत्या. घरमालकीण होत्या म्हटलं तर तेही खरं, पण त्यात काहीच येत नाही...

कुमुदबाईंनी रोह्याच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं. घराणं पेणचं, एकेकाळी खाडीकाठच्या जमिनीवाल्यांचं. जमिनी गेल्या आणि घरातली सगळी माणसं मास्तर नाहीतर डॉक्टर झाली. बाईंनी लग्न केलं नाही. भावाच्या मुलीला, म्हणजे नीताताईंना, त्यांनीच वाढवलं. लग्न होऊन मी रोह्याला आले ती बाईंच्या मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून. माझा नवरा महेश तेव्हा धाटावला कंपनीत होता. त्याच्या शिफ्ट फिरत्या, त्यामुळे दिवसा तो झोपलेला आणि मी आवाज न करता बसलेली, असा आमचा नवा संसार. मी कासूच्या पलीकडच्या खाडीकाठची. आमचं घर मिठागरावर जगलं. आईचे पाय खाऱ्या पाण्यात उभं राहून राहून इतके फाटले की एका हंगामात तिला चालताच येईना, तेव्हा तिच्या जागी मी उभी राहिले. आठवीची सहामाही परीक्षा झाली होती. त्यानंतर मी शाळेत गेले नाही. हे मी कुणाला सांगत नसे. कुणी विचारलंच तर “शिकलेय थोडी” म्हणून विषय बदलायचा.

डोनटचं खूळ बाईंनी पेणहून आणलं. तिथे एका नव्या बेकरीत नीताताईंच्या लेकाने हट्ट धरला, बाईंनी एक घेऊन दिला आणि घरी येईपर्यंत त्या धुमसत होत्या. मागच्या दारात उभ्या राहून मला म्हणाल्या, “मधोमध भोक पाडतात आणि जास्त पैसे घेतात. वजाबाकीचे पैसे घेणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला.” मी हसले. बाईंसमोर मी पहिल्यांदाच हसले असेन. त्या म्हणाल्या, “हसतेस काय, ये इकडे. घरी करू. काय लागतं त्याला? मैदा, दूध, साखर, लोणी आणि ते यीस्ट. तुझे हात मजबूत दिसतात, मळायला तू.”

पहिल्या दिवशी पीठ फुगलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कोमट दुधात साखर आणि यीस्ट घालून ठेवलं की दहा मिनिटांत वर फेस यायला हवा, असं बाईंनी कुठून तरी लिहून आणलं होतं. फेस काही येत नव्हता. परातीत दगडासारखा गोळा बसून राहायचा, आणि तळला की बाहेरून काळा, आतून कच्चा. बाईंना वाटलं यीस्ट जुनं आहे. त्या बाजारात गेल्या आणि ज्याच्याकडून पुडी आणली होती त्या दुकानदाराला, भर गिऱ्हाइकांत, मुदत संपलेला माल विकतोस म्हणून चांगलं सुनावून आल्या. नवी पुडी आणली. तेच झालं. मग तिसरी. तेव्हा बाई माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, “आता पहिल्यापासून कर. मी बघते.”

मी टोप घेतला. डब्यातून खडा मिठाची चिमूट घेतली, रिकाम्या टोपात टाकली आणि त्यावर दूध ओतलं.

“थांब. हे काय टाकलंस?”

“काय नाय बाई. मीठ.”

“यीस्टच्या दुधात मीठ कुणी सांगितलं तुला?”

“दुधात नाय टाकलं. टोप रिता होता तवा टाकलं. आधी.”

“का पण?”

असं कुणी विचारेल असं मला वाटलंच नव्हतं. आमच्याकडे चुलीवर ठेवायचा टोप रिता असतो तेव्हा त्यात पहिलं मीठ पडतं. भात असो, कालवण असो, नाहीतर पाहुण्याचा चहा असो, चहाच्या भांड्यातसुद्धा दोन कण. आई म्हणायची, “ज्याच्यावर घर चालतं त्याला पयलं बसू दे गो टोपात, मंग बाकीच्यांना.” आणि आमची चिमूट म्हणजे तीन बोटांची, मिठागरवाल्यांची. अर्धा कप दुधात तेवढं मीठ पडल्यावर ते यीस्ट कसलं उठतंय. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, “मी त्या बिचाऱ्याला काय काय बोलून आले गो.”

दुसऱ्या दिवशी पीठ फुगलं. पहिला बरा घाणा उतरला तसा बाईंनी त्यातले चार डब्यात भरले, मला चप्पल घालायला लावली आणि आम्ही दोघी त्या दुकानात गेलो. मी त्यांच्या मागे लपत होते. बाई गल्ल्यासमोर उभ्या राहिल्या आणि जेवढ्या मोठ्याने त्याला बोलल्या होत्या तेवढ्याच मोठ्याने म्हणाल्या, “यीस्ट चांगलं होतं. चूक आमच्या घरात झाली. मी तुम्हाला उगाच बोलले.” दुकानदार बिचारा संकोचला. “बाई, एवढ्यासाठी उन्हाचं आलात? फोन केला असता तरी चाललं असतं.” बाई म्हणाल्या, “बोलले सगळ्यांदेखत, मग फोनवर कसं चालेल?” परतताना त्यांनी माझं नावही काढलं नाही. चूक ‘आमच्या घरात’ झाली होती. मला त्या घरात धरलं होतं, हे मला घरी येऊन परात घासताना समजलं. मी बराच वेळ ती घासत राहिले.

आईची रीत बाईंनी बंद केली नाही. त्यांनी तिची जागा हलवली. रिकाम्या परातीत आधी मिठाची चिमूट, लहान. तिच्यावर मैद्याचा ढीग. ढिगात खड्डा करून त्यात फेसाळलेलं दूध. “तुझ्या आईचंही राहिलं आणि यीस्टचंही,” त्या म्हणाल्या. “आणि मीठ हवंच. नुसतं यीस्ट म्हणजे वर्गातली पहिल्या बाकावरची पोरं, प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर. मिठाने पीठ जरा थांबतं, सावकाश येतं, चव धरतं.” मग हाताला चिकटायचं बंद होईपर्यंत मळायचं, लोणी शेवटी, ओलं फडकं झाकून तासभर सोडायचं. दुप्पट झालं की बोटभर जाडीची पोळी लाटायची. गोल कापायला बाईंचा स्टीलचा पेला आणि मधलं भोक पाडायला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण. पेल्याच्या काठाला एका बाजूने पोचा होता, त्यामुळे आमचा प्रत्येक डोनट एका अंगाने किंचित चपटा निघायचा. मी म्हटलं दुसरा पेला घेऊया. बाई म्हणाल्या, “असू दे. ती आपली सही आहे.” कापलेले पुन्हा थोडा वेळ ठेवून मंद आचेवर तळायचे. पीठ आतून हलकं झालं असेल तर डोनट तेलावर उंच तरंगतो आणि कडेने मध्ये एक पांढरी पट्टी राहते. बाई तिला कंबरपट्टा म्हणत. कंबरपट्टा नाही दिसला की तो घाणा त्या गल्लीतल्या पोरांनाही देत नसत. “दिसायला बरा आहे, पण आतून खोटा आहे,” म्हणायच्या आणि स्वतः चहात बुडवून खायच्या. माझी आई एकदा आली होती, तिने तो हातात फिरवून पाहिला आणि विचारलं, “यो गोड मेदूवडा कुनी काढला गो?” बाईंना ते इतकं आवडलं की पुढे त्यांच्याकडे डोनटला मेदूवडाच म्हणत.

पीठ वर यायचा तो तास आमचा असायचा. हात रिकामे, गॅस बंद, आणि बाईंना रिकामं बसवत नसे. त्यांनी पेला कागदावर उपडा ठेवून पेन्सिलने गोल काढला, आत झाकणाचा गोल काढला आणि विचारलं, “मधलं वजा करून उरलेलं किती?” असं करत करत, मला न कळता, त्यांनी मला आठवीपासून पुढे आणलं. मग एक दिवस पेणच्या शाळेतून माझा जुना दाखला काढून आणला आणि सतरा नंबरचा फॉर्म माझ्यासमोर ठेवला. बाहेरून दहावी. मी म्हटलं, “नाय जमायचं बाई.” त्या म्हणाल्या, “तुला यीस्ट पण जमत नव्हतं.” दीड वर्ष मी त्या तासात शिकले. मराठी, इतिहास, सगळं. गल्लीत बाईंनी आधीच जाहीर करून टाकलं होतं की दर्शना पास झाली की घरटी डोनट.

आता जे लिहायचं आहे ते मी गेली चार-पाच वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. महेशलाही नाही. तो हे वाचेल तेव्हाच त्याला कळेल.

केंद्र पेणला होतं. पहिल्या पेपरांना मी रोह्याहून गाडीने गेले आणि आले. बीजगणिताच्या दिवशी बाईंनी डब्यात दोन डोनट दिले, “पेपर झाल्यावर खा, आधी खाल्लेस तर झोप येईल.” मी गाडीत बसले. गाडी सुटली. आठवीच्या सहामाहीनंतर गणिताचा निकाल मी पाहिलाच नव्हता, तो आता लागणार असं काहीतरी वाटायला लागलं. निडीला गाडी थांबली आणि मी उतरले. मी ठरवून उतरले नाही. दारापाशी गेले, वारा लागला आणि पाय खाली पडले. गाडी पुढे गेली. निडीच्या फलाटावर त्या वेळेला कुणी नसतं. एक म्हातारा शेळ्या घेऊन गेला, त्याने विचारलं, “कनची गाडी बाय?” मी म्हटलं, “रोह्याची.” तो म्हणाला, “तिला लई येळ हाय.” मी बाकावर बसून राहिले. पेपर सुरू व्हायची वेळ झाली तेव्हा मी डबा उघडला आणि दोन्ही डोनट खाल्ले. भूक नव्हती. परतीच्या गाडीने घरी आले. बाई दारातच होत्या. “कसा गेला?” मी म्हटलं, “बरा गेला.” त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला, उघडून पाहिला आणि म्हणाल्या, “खाल्लेस ना. छान.”

पुढचे पेपर मी दिले, पण राहिला तो राहिला. निकालाच्या आधीच महेशच्या कंपनीतल्या काही लोकांना इकडच्या कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही विशाखापट्टणमला आलो. निकालाच्या दिवशी मी बाईंना फोन केला आणि सांगितलं, “बाई, झाले मी पास.” मग त्यांनी विचारलं, “गणितात किती?” मी एक आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, “बरं.” आणि मग, “तिकडे ऊन फार आहे म्हणतात, डोक्याला फडकं बांधत जा.” मला वाटलं निभावलं. इथे बेकरीत मला ठेवलं ते मी त्यांच्यासमोर मळून, कापून, तळून दाखवलं म्हणून. कागद कुणी मागितला नाही. माझ्या घरात आज जे काही आहे, मुलीची शाळा धरून, ते बाईंच्या त्या परातीतून आलं आहे. आणि मी त्यांना काय दिलं, तर एक खोटा आकडा.

बाईंच्या किडन्या गेल्याचं नीताताईंनी कळवलं तेव्हापासून ते मला खायला लागलं. आठवड्यातून दोनदा पेणला डायलिसिस. मी ठरवलं की जायचं, समोर बसायचं आणि सांगायचं, दुकानात बाईंनी सांगितलं तसं. मालकीणबाईंपुढे हात जोडून या गणपतीला पंधरा दिवसांची सुट्टी घेतली. गल्लीत शिरले तर समोरच्या सुनंदा वहिनी पायरीवर वाल सोलत बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, “गो दर्शना, केवढी बारीक झालीस. आणि काय गो, तुझ्या त्या दहावीचं काय झालं मग? बाईंना विचारलं तर म्हणाल्या, चाललंय तिचं. आमचे मेदूवडे राहिले ते राहिले.”

मी तिथेच उभी राहिले. म्हणजे बाईंनी डोनट वाटले नव्हते. ज्या बाईंनी अख्ख्या गल्लीला आधीच सांगून ठेवलं होतं त्यांनी निकालाच्या दिवशी परात काढली नव्हती. त्यांना ठाऊक होतं. पेणच्या शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एक बाई होत्या, त्यांनी सांगितलं असेल. किंवा त्या दिवशी डबा उघडला तेव्हाच... आणि तरी या वर्षांत, दर रविवारच्या फोनवर, त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

बाई ओळखू येत नव्हत्या. पाय सुजून खांब झालेले, चेहरा मात्र वाळलेला, हाताच्या शिरेवर डायलिसिसच्या सुयांच्या गाठी. उशाशी तो पोचा आलेला पेला. नीताताई रोज सकाळी त्या पेल्याने पाणी मोजून बाटलीत भरत, तेवढंच दिवसभर पुरवायचं. जास्त प्यायल्या तर पाणी छातीत साठतं. मी दोन दिवस घरात माणसं आहेत या सबबीवर गप्प बसले. तिसऱ्या दिवशी डायलिसिस होतं, गाडी दुपारी यायची होती. नीताताई शाळेत शिकवायला गेल्या होत्या. बाई म्हणाल्या, “दर्शना, मेदूवडे कर. मला एक खायचाय. अर्धा तरी.” पीठ वर यायला तास लागतो. तो तास त्यांनी मागितला असं मला वाटलं, आणि मीही मनात म्हटलं, आज त्या तासात सांगायचं.

दूध फेसाळलं. मी रिकामी परात पुढ्यात घेतली आणि माझा हात मिठाच्या डब्यावर थांबला. फ्रीजवर डॉक्टरांचा कागद चिकटवलेला होता, त्यात पहिलीच ओळ मिठाची. मी हात मागे घेतला. बाई आतल्या खोलीत, त्यांना दिसत नव्हतं. बिनमिठाचं पीठ मळलं, टोपात घालून फडकं झाकलं आणि टोपासकट त्यांच्या खाटेपाशी जाऊन बसले.

मग मी बोलायला लागले. इथल्या समुद्राबद्दल बोलले, मुलीच्या तेलुगूबद्दल, इथे लोक भातावर ओततात त्या तिखटाबद्दल. बाई ऐकत होत्या. मधूनच माझ्याकडे बघायच्या, जसं त्या फळ्यापाशी उभ्या केलेल्या पोरीकडे बघत असतील, काही न सुचवता. मी म्हटलं, “बाई, निडीला...” आणि थांबले. त्या म्हणाल्या, “हं.” मी म्हटलं, “निडीला आता नवीन फलाट केलाय.” त्यांनी डोळे मिटले. मी घाम पुसला. मनात म्हटलं अजून वेळ आहे, अर्धा तास आहे, आता सांगते.

“आलं की गो पीठ,” बाई म्हणाल्या.

फडकं टोपाच्या वर उचललं गेलं होतं. पीठ काठाच्या बाहेर यायला निघालं होतं, फसफसून, जाळी पडून. अर्धा तासही झाला नव्हता. बेकरीत रोज पीठ मळणाऱ्या बाईला हे कळायला नको होतं का, की भाद्रपदाच्या दमट हवेत बिनमिठाचं पीठ असंच उठणार? मीठ काढलं आणि माझाच तास मी कापला. आता लाटायलाच हवं होतं, नाहीतर बसलं असतं. मी उशाशी हात घातला, तो पेला उचलला आणि धुवायला गेले. बाई मागून म्हणाल्या, “परत इथेच ठेव हं, माझं माप आहे ते.” मी लाटलं, कापलं, तळलं. सहा डोनट, सगळे एका अंगाने चपटे. कंबरपट्टा आलाच नाही. पीठ जास्त आलेलं होतं, तेलात पडलं आणि बसलं.

बाईंनी एक तुकडा तोडला. सावकाश चावला. बाकीचा ताटलीत ठेवला.

“अळणी झालंय गो.”

“डॉक्टरांनी मीठ नको सांगितलंय ना बाई.”

“त्यांनी मला सांगितलंय. तुझ्या आईला नाही.” मग थोडं थांबून, धाप लागत होती म्हणून तुकड्यातुकड्याने, त्या म्हणाल्या, “चिमूटभर टाकलं असतंस... तर थांबलं असतं जरा. मी थांबले होते.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर आणि मी मिळून त्यांना खुर्चीसकट उचलून गाडीत बसवलं. अंगात वजन असं नव्हतंच, सगळं पायांत होतं. मी खिडकीशी वाकून म्हटलं, “बाई, मी दिवाळीनंतर परत येते. मला तुम्हाला एक सांगायचंय.” त्यांनी माझ्या गालाला लागलेला मैदा बोटाने पुसला. म्हणाल्या, “ये. बघू तेव्हा.” दुसऱ्या दिवशीच महेशच्या घरच्यांनी गावी बोलावलं, तिथून थेट परतीची गाडी. दिवाळीला तीन आठवडे असताना नीताताईंचा फोन आला.

नंतर मी नीताताईंना विचारलं की एका डोनटात चिमूटभर मिठाने बाईंना काही झालं असतं का. त्या म्हणाल्या, “अगं, काय होणार होतं? शेवटी शेवटी ती लोणचं चोरून खायची.” मग त्या म्हणाल्या, “तुझ्याबद्दल बोलायची. दर्शनाचा एक पेपर राहिलाय म्हणायची. कसला गं?” मी फोनवर विषय बदलला. आज इथे लिहिते. गल्लीतल्या सुनंदा वहिनी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात, तो दुकानदारही वाचत असेल. सगळ्यांदेखत सांगायचं तर याहून दुसरी जागा मला मिळणार नाही. मी दहावी पास नाही. बाई कुणाशी खोटं बोलल्या नाहीत, त्या फक्त माझी वाट बघत राहिल्या.

गेल्या आठवड्यात नीताताईंचं पार्सल आलं. जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला तो पेला आणि आत औषधाच्या बाटलीचं झाकण. मुलीने विचारलं, “आई, हा चेपलेला ग्लास कशाला?” मी तो फळीवर उपडा ठेवला. त्यात पाणी भरायला माझा हात होईना.

रविवारी महेश शिफ्टला होता, मुलगी शेजारी खेळायला. मी रिकामी परात घेतली. त्यात चिमूट टाकली, तीन बोटांची नाही, बाईंनी शिकवलेली लहान. वर मैदा, मैद्यात खड्डा, खड्ड्यात दूध. मळलं, टोपात घालून झाकलं आणि टोपासमोर जमिनीवर बसले. उपडा पेला शेजारी. मी रोह्याला बोलायचे तेवढ्याच आवाजात म्हटलं, “बाई, मी त्या दिवशी पेपरला गेलेच नाय. निडीला उतरले.” आणि का उतरले, बाकावर काय केलं, डबा कधी उघडला, घरी येऊन काय बोलले, आकडा कुठून आणला, सगळं एकामागून एक सांगितलं. सांगून झालं तेव्हा फडक्याकडे पाहिलं. ते अजून सपाटच होतं. पीठ सावकाश येत होतं. वेळ पुष्कळ होता.